कोलांट्या मारणारे आरसे

‘तारा लुकलुकतोय, सरकतोय आणि मधेच गायब होतोय’ असे व्हिडिओ दर थोड्या दिवसांनी मोबाइलवर फिरत येतात. खाली परग्रहवासीयांपासून हेरगिरीपर्यंत सगळे तर्क. त्यातल्या त्यात शहाणे लोक सांगतात, ‘अहो, उपग्रह आहे, त्याचा दिवा उघडझाप करतोय.’ उपग्रह बरोबर, दिवा चूक. दिवे विमानाला असतात. उपग्रह दिसतो तो उसन्या उन्हावर: आपल्याकडे रात्र पडलेली असते, पण पाचशे-हजार किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. म्हणूनच पृथ्वीच्या सावलीत शिरला की तो बघता बघता विझतो.

मग उघडझाप कशाची? बहुतेक वेळा ती वस्तू निकामी उपग्रह किंवा रॉकेटचा रिकामा टप्पा असते. कोणाचा ताबा नाही, त्यामुळे ती कोलांट्या मारत फिरते आणि तिची एखादी गुळगुळीत बाजू क्षणभर सूर्याचा कवडसा आपल्या डोळ्यांत टाकते.

हा कवडसा मला फार आवडतो. शाळेतला नियम आठवा: आरसा १ अंश वळला की परावर्तित किरण २ अंश वळतो. समजा एक सपाट पत्रा १२ सेकंदांत एक गिरकी घेतो, म्हणजे सेकंदाला ३० अंश. कवडसा मग सेकंदाला ६० अंश धावणार. सूर्याची चकती आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाची, त्यामुळे कवडसाही तेवढाच रुंद. तो डोळ्यांवरून पार व्हायला सेकंदाचा १२०वा भाग पुरतो! हजार किलोमीटरवरून पडणारा हा डाग जमिनीवर सुमारे ९ किलोमीटर रुंद असतो. त्याच्या वाटेबाहेर उभ्या असलेल्याला काहीच दिसत नाही, आणि ‘मला दिसलं, त्याला नाही’ यातून चमत्कार जन्माला येतात.

रॉकेटचा टप्पा नळकांड्यासारखा असतो. त्याचा कवडसा पंख्यासारखा पसरतो, त्यामुळे तो पुष्कळ जणांना दिसतो, आणि एका कोलांटीत साधारण दोनदा. म्हणजे दोन चमकांमधलं अंतर हा खऱ्या फिरण्याच्या काळाचा अर्धा भाग. त्यातही वस्तू आकाश ओलांडताना सूर्य, ती आणि आपण यांच्यातला कोन सतत बदलत असतो. त्यामुळे मोजलेला काळ सुरुवातीला आणि शेवटी किंचित वेगळा येतो.

मोजायला स्टॉपवॉच पुरतं. पहिल्या चमकेला ‘शून्य’ म्हणायचं, ‘एक’ नाही. ‘दहा’ला ८४ सेकंद झाले तर काळ ८.४ सेकंद. ‘एक’पासून सुरू केलंत तर शेवटच्या चमकेला तुम्ही ‘अकरा’ म्हणता, ८४ ला ११ ने भागता आणि उत्तर ७.६ येतं. हा घोळ मी इतक्यांदा घातलाय की आता ‘शून्य’ मोठ्याने म्हणतो. सोबत वेळ सेकंदापर्यंत आणि कोणत्या दोन ताऱ्यांमधून वस्तू गेली ते टिपायचं. मग कोणता उपग्रह कधी, कुठून जाणार हे सांगणाऱ्या हेवन्स-अबव्हसारख्या संकेतस्थळाच्या भाकितांशी ताडून पाहायचं. नावापुढे ‘आर/बी’ दिसलं की ती रॉकेट बॉडी. दोन वस्तू जवळपास त्याच वाटेने गेल्या असतील, तर चमकेचा काळ निवाडा करतो.

हा काळ कायमचा नसतो. धातूचं अंग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून फिरताना त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि ते फिरण्याला ब्रेक लावतात. जपानचा १९८६चा ‘अजिसाई’ हा ३१८ आरसे लावलेला गोळा मुद्दाम चमकण्यासाठीच बनवला होता. तो सुरुवातीला दीड सेकंदात एक फेरी घेई, आता त्याला दोन सेकंदांहून जास्त लागतात.

सगळ्यात मजेशीर म्हणजे ३६ हजार किलोमीटरवरचे मेलेले भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीच्याच गतीने फिरणारे, आणि म्हणून आकाशात एका जागी थांबल्यासारखे वाटणारे. एरवी ते डोळ्यांना दिसतच नाहीत. पण एखाद्याचा कवडसा नेमका आपल्यावरून जात असेल, तर स्टँडवर पक्क्या बसवलेल्या दुर्बिणीतून तारे हळूहळू पश्चिमेला सरकत बाहेर जातात, आणि एक ठिपका मात्र दर काही वेळाने जवळपास तिथल्या तिथेच पेटून विझत राहतो.