‘पांढरा द्या’ म्हणालात की आम्ही विचारतो, ‘कोणता?’

चित्रसाहित्य, भित्तिचित्रं आणि फ्रेमिंगच्या आमच्या छोट्या दुकानाकडून गिऱ्हाइकांसाठी
छत्रपती संभाजीनगर

पोस्टर कलरचा बारा बाटल्यांचा सेट नेलेली पोरं एलिमेंटरीच्या परीक्षेआधी हमखास परत येतात, तीही एकाच बाटलीसाठी. बाकीच्या अकरा अर्ध्यासुद्धा झालेल्या नसतात. पांढरा मात्र खरवडून संपवलेला असतो. तरीही पांढरा मागताना ‘साधा पांढरा द्या’ असंच सगळे म्हणतात, जणू निळ्यात दहा प्रकार आणि पांढरा तेवढा एक! आम्ही ‘कोणता?’ म्हटलं की काही जण वैतागतात. हे पत्रक त्या वैतागाचं उत्तर आहे.

ट्यूबवरचं नाव वाचा

तैलरंगात आणि ॲक्रिलिकमध्ये बहुतेक वेळा तुम्हाला टायटॅनियम व्हाइट लागतो. तो घट्ट झाकतो. खालची चूक, पेन्सिलची रेघ, जुना रंग, सगळं एका हातात दिसेनासं होतं. पण तो दुसऱ्या रंगात मिसळला की त्या रंगाला खाऊन टाकतो. चेहऱ्याच्या रंगात चमचाभर जादा पडला तर माणूस खडूनं माखल्यासारखा दिसतो. झिंक व्हाइट त्या मानानं पातळ, थंड आणि थोडा पारदर्शक. धुकं, काच, ओढणीचा झिरझिरीतपणा यासाठी तो चांगला. मात्र तैलचित्रात त्याचा जाड थर देऊ नका. वर्षं गेली की तो ठिसूळ होतो आणि तडकतो.

हे दोन्ही तसे अलीकडचे. जलरंगात झिंकचा पांढरा ‘चायनीज व्हाइट’ नावानं लंडनच्या विन्सर अँड न्यूटननं 1834 मध्ये आणला. टायटॅनियम साधारण 1920 नंतर बाजारात रुळला. त्याआधी शेकडो वर्षं चित्रकारांचा पांढरा म्हणजे सफेदा. शिशाच्या पत्र्यांना व्हिनेगरची वाफ आणि शेणाची ऊब देऊन त्यावर चढणारा पांढरा थर खरवडून तो करत. हाताखाली लोण्यासारखा चालणारा रंग, पण विषारी. शिवाय हवेतल्या गंधकाच्या वायूनं तो काळा पडतो. जुन्या लघुचित्रांत एखाद्या राणीच्या गालावर किंवा ढगावर काळपट डाग दिसला, तर बऱ्याचदा तो मूळचा पांढराच असतो. आमच्याकडे सफेदा मिळत नाही आणि मागवूनही देत नाही.

काही जण खडूची किंवा रांगोळीची पूड जवसाच्या तेलात कालवून स्वस्तातला पांढरा करायला बघतात. होत नाही. डिंकाच्या पाण्यात तीच पूड वाळल्यावर पांढरी फेक दिसते, कारण कणांच्या मध्ये हवा राहते. तेल त्या जागा भरून टाकतं, आणि तेल व खडू प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात. मग प्रकाश उलटून येण्याऐवजी आरपार जातो. ओल्या धोतरातून पाय दिसतो, तसंच हे. टायटॅनियम प्रकाशाला तेलापेक्षा कितीतरी जास्त वाकवतो, म्हणून तेलातही पांढराच राहतो.

अजिंठ्याचा पांढरा

याच कारणानं अजिंठ्याच्या चित्रकारांना चुना, जिप्सम आणि केओलिन ही पांढरी माती पुरली. त्यांनी तेल वापरलंच नव्हतं. दगडावर माती, भुसा आणि गवताच्या तंतूंचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग सरसासारख्या चिकट माध्यमात कालवलेले रंग. लेण्यात उभं राहिलं की नजर आधी निळ्याकडं जाते, कारण तो लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, बाहेरून आलेला महागडा रंग. पण काम पांढऱ्यानं केलंय. नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर, खालच्या ओठावर पांढऱ्याचा एक हलका स्पर्श आहे, आणि त्या अंधारात चेहरा पुढं येतो तो त्यामुळं. मोत्यांचे सर बघा. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांना आम्ही आधी ते मोतीच बघून यायला सांगतो.

तिथंच दहाव्या आणि सतराव्या लेण्यात सहा सुळ्यांचा हत्ती आहे. षड्दंत जातकाची, म्हणजे बुद्धाच्या मागच्या एका जन्माची, ही गोष्ट. बोधिसत्त्व पांढऱ्या हत्तीच्या जन्मात आहे. राणीच्या हट्टापायी शिकारी त्याचे सुळे घ्यायला येतो आणि हत्ती ते देऊन टाकतो. सुळे पुढ्यात आल्यावर राणीच कोसळते. या हत्तीचा पांढरा म्हणजे नुसता कातडीचा रंग नाही, एवढं बघणाऱ्याला कुणी न सांगता कळतं.

अजिंठ्यानं व्हार्निशचाही धडा दिलाय. 1920 च्या सुमारास निजाम सरकारनं चित्रं टिकवायला इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी पापुद्रे सुटलेला रंग पक्का बसवला, पण सोबत शेलॅकचा, म्हणजे लाखेचा, थर दिला. तो काळानुसार पिवळा आणि मग तपकिरी झाला, आणि खालचा पांढरा त्याच्याआड गेला. पुढं पुरातत्त्व खात्याला तो थर काढत बसावं लागलं. म्हणून लाकडाला मारायचं उरलेलं व्हार्निश घरच्या चित्रावर फिरवू नका. ‘चकाकी येते’ हे खरं, पण दहा वर्षांनी घरातल्या सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसते.

वेरूळचं कैलास लेणं आज काळं दिसतं. त्यावर एकेकाळी पांढरा लेप होता आणि त्याचे तुकडे अजून काही ठिकाणी सापडतात. काळ्या कातळातून डोंगर कोरायचा आणि वर बर्फाचा रंग चढवायचा, म्हणजे नावाप्रमाणे कैलास. आमच्या मते पूर्ण पांढरं कैलास डोळ्यांसमोर आणणं हा चित्रकलेच्या विद्यार्थ्यासाठी फार चांगला अभ्यास आहे. बीबी का मकबऱ्यात उलटी गंमत आहे. घुमट आणि खालचा पट्टा संगमरवरी, बाकी बहुतेक ठिकाणी दगडावर घोटलेला चुन्याचा गिलावा. सकाळी सातच्या उन्हात लांबून दोन्ही एकच वाटतात. दुपारी जवळ गेलात की गिलावा मऊ दिसतो आणि संगमरवर चमकतो. दोन पांढऱ्यांतला फरक फुकटात शिकायचा असेल तर इतकी चांगली जागा नाही.

रशियन चित्रकार काझिमिर मालेविचनं 1918 मध्ये हाच फरक चित्राचा विषय केला. पांढऱ्या कॅनव्हासवर एक तिरपा पांढरा चौकोन, एक पांढरा किंचित उबदार, दुसरा किंचित निळसर. बस्स. ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. ‘यात काय आहे?’ असं विचारणाऱ्यांना आम्ही मकबऱ्याला पाठवतो.

पांढरा म्हणजे सुतकी?

भिंतीवरचं चित्र ठरवताना हा प्रश्न निघतोच. ‘मागचा रंग पांढरा नको, अशुभ दिसतं.’ तुमचा मान राखून सांगतो, आपल्याकडची गोष्ट इतकी सरळ नाही. कफन पांढरं असतं, हे खरं. पण केशवपन केलेल्या विधवेला महाराष्ट्रात नेसवत ते आलवण लाल होतं, पांढरं नव्हे. लग्नातल्या गाण्यांना धवळे म्हणत. महानुभाव कवयित्री महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले, आणि शब्द धवल वरूनच आलेला. नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिलाय. त्यात पांढरा वाट्याला आला तो हास्यरसाच्या. करुणाला पारव्याचा करडा रंग आहे.

आपल्या भागात बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. अशा जोडप्याचं चित्र काढताना पांढऱ्याऐवजी ‘जरा क्रीम करू का’ असं विचारणारा चित्रकार घरच्यांना दुखावून जातो. आम्ही सुरुवातीला एकदा ती चूक केली आहे. वारकऱ्याचं धोतर आणि टोपी पांढरी, हाजींचा इहराम पांढरा, सरस्वती पांढरी, खंडोबाचा घोडा पांढरा. कापसाला आपण पांढरं सोनं म्हणतो, आणि तुमच्या चित्राचा कॅनव्हासही बहुतेक वेळा त्याच कापसाचा असतो.

आणि गावाकडं तर गावठाणालाच पांढरी म्हणतात, शेताला काळी. माळवदावर टाकायची, भिंती सारवायची माती पांढरी. माणसं राहतात तो रंग पांढरा, पिकतं तो काळा! शुभ-अशुभाचा हिशेब त्यात कुठं बसवायचा ते तुम्हीच ठरवा.

वारली चित्रं हल्ली हॉटेल-दवाखान्यांत खूप मागतात. त्यांचा मूळ पांढरा म्हणजे पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, गेरूच्या भिंतीवर. पावसाळा आणि मुंग्या यांचा विचार करून आम्ही ॲक्रिलिक वापरतो आणि तसं आधी सांगतो. कला पालघरकडच्या वारल्यांची आहे, आपल्याकडची नाही, हेही सांगतो.

घरी नेल्यावर

तैलचित्र अंधाऱ्या खोलीत किंवा तोंड भिंतीकडं करून ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं आणि त्याचा फटका आधी पांढऱ्याला बसतो. बरंचसं पिवळेपण उजेडात ठेवल्यावर उतरतं. पण उजेड म्हणजे खिडकीचा, दुपारचं रखरखीत ऊन नव्हे.

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. तिथं बोअरचं पाणी घात करतं. वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ हात, वाळला की क्षारांची कड उठते. गाळलेलं आरओचं पाणी वापरा.

नवशिक्यांची सगळ्यात मोठी अडचण पांढरा सदरा. त्यात निव्वळ पांढरा फक्त ऊन थेट पडतं तिथं द्या. सावलीत थोडा अल्ट्रामरीन निळा, आणि जमिनीच्या बाजूनं मातीचा तांबूसपणा. आजी धोतराला नीळ द्यायची ते आठवा. ती नीळ म्हणजे अल्ट्रामरीनच, आणि कारणही तेच: पिवळेपणा मारायचा.

फ्रेममध्ये चित्राभोवतीचा पांढरा माउंट साध्या पुठ्ठ्याचा घेतला तर काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि चित्राच्या कडेला तपकिरी रेघ सोडतो. ॲसिडमुक्त माउंट महाग आहे. कॅलेंडरच्या चित्राला तो लावू नका, उगाच खर्च. हातानं काढलेल्या चित्राला मात्र लावाच.

चित्र ठरवायला याल तेव्हा त्या भिंतीजवळचा दिवा पिवळा आहे की पांढरा, ते बघून या. जुन्या फोटोवरून कुणाचं चित्र करून हवं असेल तर शक्य झाल्यास त्यांची साडी, टोपी किंवा उपरणं सोबत आणा. फोटोत सगळे पांढरे एकसारखे होतात. आणलेलं कापड घडी मोडली तरी मळू देत नाही, आणि चित्र न्यायला याल त्या दिवशी इस्त्री करून परत देतो.