डुंकेलफ्लाउटे: वारा पडलेला, सूर्य झाकलेला

१२ डिसेंबर २०२४ रोजी संध्याकाळी ५ ते ६ या तासासाठी जर्मनीच्या घाऊक बाजारात विजेचा भाव मेगावॉट-तासाला ९३६ युरोवर गेला, म्हणजे युनिटला ८० रुपयांहून जास्त. कारण एका शब्दात सांगता येत होतं: डुंकेलफ्लाउटे.

'डुंकेल' म्हणजे काळोखा. 'फ्लाउटे' हा दर्यावर्दी शब्द. शिडाची जहाजं वारा पडल्यामुळे जागीच अडकत, ती अवस्था. त्याचं मूळ 'फ्लाउ', म्हणजे दुबळा. तो डचमधून उत्तर जर्मनीच्या किनारी बोलीत आला आणि तिथून प्रमाण भाषेत. पुढे व्यापारातल्या मंदीलाही फ्लाउटे म्हणू लागले. दोन्ही पदं जुनी, पण त्यांची जोडी जमली ती पवन आणि सौर विजेवर भिस्त वाढल्यावर. घडण कर्मधारयाची, विशेषण अधिक नाम. अर्थ मात्र द्वंद्वाचा. वाऱ्याची मंदी काळोखी नसते, काळोख आणि मंदी एकदम येतात.

त्या एकदम का येतात? हिवाळ्यात मध्य युरोपवर उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडतं. त्याच्या मध्यावर दाबातला फरक अगदी कमी, म्हणून वारा मंद. वरून उतरणारी हवा दबून तापते आणि खालच्या गार, दमट हवेवर झाकण बसतं. त्याखाली धुकं आणि खालचे ढग साचतात. ते विरघळवायला ऊन लागतं, पण डिसेंबरच्या अखेरीस बर्लिनमध्ये भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो.

पवनचक्कीचं गणित त्याहून निष्ठुर. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग सेकंदाला १२ मीटरवरून ६ वर आला की हाती आठवा हिस्सा उरतो. ३ मीटरच्या खाली बहुतेक पाती वीज देतच नाहीत. त्यामुळे चक्क्या दुप्पट उभारल्या तरी अशा दिवशी फारसा फरक पडत नाही.

साठवणही तोकडी. जर्मनीच्या थुरिंगिया राज्यातलं गोल्डिस्थालचं उदंचन जलविद्युत केंद्र (जादा विजेवर पाणी वर चढवून साठवायचं, गरजेला खाली सोडून वीज करायची) १,०६० मेगावॉटचं आहे, पण पूर्ण क्षमतेनं चालवलं तर सुमारे ८ तासांत वरचा जलाशय रिता होतो, आणि डुंकेलफ्लाउटे कित्येक दिवस टिकू शकते. मग गॅस आणि कोळशाची केंद्रं पेटवायची, उरलेली वीज शेजाऱ्यांकडून घ्यायची. तिथंही पेच असतो: त्याच उच्च दाबाखाली डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या चक्क्याही अनेकदा थंडावलेल्या असतात. नॉर्वेची वीज मात्र धरणांतली. २०२१ मध्ये सुरू झालेली नॉर्डलिंक ही समुद्राखालची केबल तिथून १,४०० मेगावॉटपर्यंत आणू शकते.