छत्तीसचे त्रेसष्ट

"सर, पोट्टं तिथं करून काय राहिलं, एकदा पाहून या ना." दारव्ह्याजवळच्या एका गावातले ओळखीचे शेतकरी मला म्हणाले. त्यांचा मुलगा सीएची इंटरमिजिएट पास होऊन यवतमाळला एका सीएच्या ऑफिसात आर्टिकल, म्हणजे हाताखाली शिकणारा उमेदवार, म्हणून लागलाय. "सीए होनार म्हनते, अन् दिवसभर नुसत्या टिका मारते. बिल पाहा, टिक मारा. असं कुठं शिक्षन असते का, बाप्पा?"

असं वाटणारे ते एकटे नाहीत. सीएच्या अभ्यासक्रमातली ही उमेदवारी तीन वर्षांची होती, १ जुलै २०२३ पासून ती दोन वर्षांवर आली. तेव्हा माझ्याच स्टाफरूममध्ये 'बरं झालं, पोरांची एक वर्षाची हमाली वाचली' असं म्हणणारे निघाले. आता तर टॅलीसारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, एआय आहे, मग या टिका हव्यात कशाला, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच.

मी वाणिज्य शाखेत शिकवतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी संशोधनाला हाच विषय घेतला होता: हिशेबतपासनिसाच्या ऑफिसात काम कसं चालतं आणि नवखं पोरगं तिथे शिकतं कसं. मार्गदर्शकांना प्रश्नावली हवी होती, 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशी. मी ती वाटली, भरून आली, आणि काहीच कळलं नाही, कारण सगळी पोरं सगळ्याशी पूर्णतः सहमत होती. मग मी प्रश्नावली बाजूला ठेवून ऑफिसातच एका कोपऱ्यात बसायला लागलो.

कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावरचं ऑफिस, एप्रिलचा महिना, कूलरचा आवाज आणि टेबलावर एका सेवा सहकारी सोसायटीची दप्तरं. तेव्हा बहुतेक सोसायट्यांचं काम हातानंच चालायचं: रोजमेळ म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, त्यावरून खतावणी म्हणजे खातेवार नोंदी, खतावणीवरून तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी. तेरजेच्या नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) या दोन्ही बाजू जुळायलाच हव्यात, आणि त्या दिवशी त्या जुळत नव्हत्या. नावे बाजू २७ रुपयांनी जास्त होती. नवा आर्टिकल पुन्हा पहिल्या पानापासून बेरजा करायला बसला. त्याच्याहून दोन वर्षं जुना असलेला मुलगा चहा पीत होता, तिथूनच म्हणाला, "सत्तावीस ना? नवानं जाते. आकडे उलटले हायेत. एकक-दशक पाय, तीनचा फरक असलेले." दहा मिनिटांत खताच्या खात्यात सापडलं. रोजमेळात ४,७३६, खतावणीत ४,७६३.

तो क्षण मी अजून विसरलो नाही. आतापर्यंतचा मजकूर ओलांडून गेलात तरी चालेल, पण इथे जरा थांबा, कारण ही माझी लाडकी गोष्ट आहे.

दोन अंकी संख्येत दशकाचा अंक अ आणि एककाचा ब धरा. संख्या झाली १०अ + ब. उलटली तर १०ब + अ. वजाबाकी करा: ९अ − ९ब, म्हणजे ९ × (अ − ब). शेजारचे दोन अंक उलटले की फरकाला नवानं भाग जाणारच, आणि भागाकार म्हणजे त्या दोन अंकांमधला फरक. २७ भागिले ९ बरोबर ३. तीनचा फरक असलेल्या जोड्या सातच आहेत: ०-३, १-४, २-५, ३-६, ४-७, ५-८, ६-९. शेकडो नोंदींमधून शोधायच्या त्या एवढ्याच. शिवाय फरकाच्या शेवटची शून्यं जागा सांगतात. २७ असेल तर एकक-दशक, २७० असेल तर दशक-शतक, २,७०० असेल तर शतक-हजार.

आता थोडं अवघड. उलटापालट शेजारच्या अंकांची नसली तरी नऊ सुटत नाही. १०, १००, १,००० यांपैकी कशालाही नवानं भागलं की बाकी १ उरते, त्यामुळे कोणत्याही संख्येला नवानं भागून जी बाकी येते तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही येते. अंक कसेही पिसा, बेरीज तीच, म्हणून बाकीही तीच, आणि सारखी बाकी असलेल्या दोन संख्यांच्या वजाबाकीला नवानं पूर्ण भाग जातो. एका शून्याची चूकही याच जाळ्यात येते: ५०० चे ५,००० लिहिले तर फरक ४,५००, म्हणजे मूळ रकमेच्या नऊपट. पण ४,५०० चा फरक हजार-शतकातल्या पाचच्या फरकाच्या उलटापालटीनंही येऊ शकतो. रक्कम चुकीच्या बाजूला चढली, जमेची नावे पडली, तर फरक दुप्पट होतो, म्हणून जुने लोक आधी फरक अर्धा करून ती रक्कम शोधतात. आणि काहीही संबंध नसताना नवानं भाग जाण्याचा योग नवात एकदा येतोच. म्हणजे नऊ हा पुरावा नव्हे, माग आहे. कुठला माग आधी धरायचा, हे गणित सांगत नाही.

नवाचं नाव निघालं की काहींचे डोळे चमकतात. गाडीचा नंबर असा घ्यायचा की बेरीज नऊ यावी, मंगळाचा अंक, लाभतो म्हणे. नवाची ही सगळी करामत आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून आहे, आणि दहाच्या पटीत मोजतो ते बहुधा हाताला दहा बोटं आहेत म्हणून. आठ बोटं असती आणि आठाच्या पटीत मोजलं असतं, तर हाच मान साताला मिळाला असता. मंगळ मग काय करणार होता?

पण ३६ चे ६३ झाले कसे? ते नवानं सांगितलं नाही, मी कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं. या ऑफिसांत एक जण आकडे वाचतो आणि दुसरा लिहितो किंवा टिक मारतो. वाचणारा म्हणतो 'चार हजार सातशे छत्तीस'. छत्तीसमध्ये आधी येतो 'छ', मग 'तीस'. ऐकणाऱ्याचा हात घाईत असेल तर कानावर आधी पडलेला सहा आधी कागदावर उतरतो. सत्तेचाळीस, पंच्याऐंशी, चौसष्ट, सगळीकडे एकक आधी, दशक मागून. एकोणतीस, एकोणचाळीस यांची आणखी वेगळी तऱ्हा, तिथे पुढच्या दशकातून एक वजा करायचा. ती तऱ्हा एकोणनव्वदपर्यंत टिकते आणि नव्व्याण्णवला मोडते.

जर्मनमध्येही एकवीसला 'एक आणि वीस' असंच म्हणतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना ऐकलेल्या संख्या लिहायला लावल्या, तेव्हा त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या याच उलटापालटीशी जोडलेल्या निघाल्या. हे संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ च्या जूनमध्ये, बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'साठ तीन' असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रानं त्याची केवढी टिंगल केली, आठवतं? विधानसभेतही हशा पिकला. त्या पुस्तकाच्या समितीच्या गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांत मुलं अडखळतात. मला स्वतःला 'त्रेसष्ट' सोडवत नाही, पण तेरजेतला २७ चा फरक ज्यानं रात्री अकरापर्यंत शोधलाय तो त्या पुस्तकाला हसणार नाही. आपण भांडणाऱ्यांना छत्तीसचा आकडा म्हणतो, कारण ३ आणि ६ पाठीला पाठ लावून उभे. हिशेबात मात्र ते समोरासमोर आले की घोटाळा होतो.

बरं, आता टॅली आहे. मग प्रश्न मिटला? उलट थोडा वाढला. संगणक बेरीज चुकत नाही आणि एकदा टाकलेली रक्कम नावे आणि जमा दोन्हीकडे तीच नेतो. ४,७३६ ऐवजी ४,७६३ टाकलेत तर दोन्हीकडे ४,७६३, तेरीज चोख जुळलेली, आणि २७ चा फरक कुठेच नाही. चूक आहे तिथेच आहे, तिची ओरड तेवढी बंद झाली. ती सापडते बँकेच्या स्टेटमेंटशी ताळमेळ घालताना, नाहीतर सभासद पासबुक घेऊन दारात उभा राहिल्यावर. मूळ बिल हातात घेऊन पडद्यावरच्या आकड्याशी ताडणं म्हणजे तीच ती टिक. आधार क्रमांकासारखं संरक्षण बिलाच्या रकमेला नसतं. आधारचा बारावा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून, डच गणिती फेरहूफ यांच्या १९६९ च्या पद्धतीनं काढलेला तपासणी अंक आहे, आणि शेजारचे कोणतेही दोन अंक उलटले की तो जुळत नाही. नुसत्या अंकांच्या बेरजेची तपासणी इथे फसली असती, कारण उलटल्यावरही बेरीज तीच.

शिकण्याच्या क्रमाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी १९७० च्या दशकात लायबेरियातल्या शिंप्यांच्या उमेदवारांचा अभ्यास केला. तिथे पोरगं आधी तयार कपड्यांची इस्त्री, काज-बटणं, दुमडी शिकतं, मग शिवण, आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. काम कपड्याच्या सुरुवातीपासून होतं, शिक्षण शेवटाकडून. आर्टिकलचंही तेच. दुसऱ्यांनी पूर्ण केलेल्या नोंदींवर तो टिका मारत बसतो, आणि तसं करताकरता बरा हिशेब कसा दिसतो हे त्याच्या डोळ्यांत भरतं. ताळेबंद तो नंतर मांडतो. ब्रिटनमध्ये अँडरसन-गॉ, ग्रे आणि रॉब्सन यांनी १९९० च्या दशकात मोठ्या फर्ममधल्या उमेदवारांशी बोलून दाखवलं की ही मुलं नियमांबरोबर कपडे, बोलणं, वेळ पाळणं आणि 'क्लायंटला काय वाटेल' हेही शिकतात. आपल्याकडे क्लायंट धोतर-टोपीत येतो, एवढाच फरक. अर्थात टिक मारण्याच्या नावाखाली पोरांना साहेबांच्या घरचं वीजबिल भरायला पाठवणारी ऑफिसंही मी पाहिली, त्याला शिक्षण म्हणायला मी तयार नाही. किमान स्टायपेंड शहराच्या लोकसंख्येवर ठरतो, म्हणजे आमच्या भागातल्या पोरांच्या वाट्याला सगळ्यात कमी.

तर त्या शेतकऱ्यांकडे मी रविवारी गेलो. मुलगाही घरी आला होता. त्यांना नऊ आणि सत्तावीस समजावून पाहिलं. ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. चहा झाला. मुलगा ओसरीवर बसून कापसाचे कागद पाहत होता, एका हातात जिनिंगवरची काट्याची पावती, दुसऱ्या हातात चुकाऱ्याचा, म्हणजे मालाचे पैसे दिल्याचा, कागद.

"बाबा, काट्यावर बारा क्विंटल चौऱ्याऐंशी हाये. चुकाऱ्यात अठ्ठेचाळीस."

"मंग?"

"छत्तीस किलो कमी. नवानं जाते."

त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले, दारात उजेडाला धरले, आणि आत जाऊन चष्मा घेऊन आले.