अपत्य-पोटगीतील फेरबदल

माता किंवा पिता यांच्या उत्पन्नात बदल झाल्यावर मुलाच्या निर्वाहाची ठरलेली रक्कम वाढविण्याची वा घटविण्याची न्यायालयीन किंवा प्रशासकीय कार्यवाही. नोकरी गेली म्हणून पोटगीचा हुकूम बहुधा आपोआप बदलत नाही. अर्ज करून बदल लक्षणीय असल्याचे दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा सामान्यतः २५ टक्के आहे, तर जर्मन न्यायालये साधारण १० टक्क्यांचा निकष लावतात. भारतात ठरावीक टक्केवारी नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ (कलम २५) परिस्थितीतील महत्त्वाच्या बदलावर भर देतो.

रक्कम कोष्टकाने वा सूत्राने काढण्याची पद्धत बहुधा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ कोष्टक १९६२ पासूनचे. अमेरिकेत डेलावेअरचे न्यायाधीश एलवुड मेल्सन यांचे सूत्र सु. १९७९ मध्ये रूढ झाले. तेथे आज सर्वाधिक राज्यांत चालणारी उत्पन्न-हिस्सा पद्धती १९८० च्या दशकात रॉबर्ट विल्यम्स यांनी मांडली. तीत दोघांच्या एकत्रित उत्पन्नावरून मुलाचा खर्च काढून तो उत्पन्नाच्या प्रमाणात वाटतात. समजा, देणाऱ्याचे उत्पन्न ६०, दुसऱ्याचे ४० आणि मुलाचा खर्च २० एकक आहे. देणाऱ्याचा वाटा १२. त्याचे उत्पन्न ४० वर आले व खर्च १७ धरला, तर वाटा ८.५ होतो. उत्पन्न ३३ टक्क्यांनी घटले, पोटगी सुमारे २९ टक्क्यांनीच. कारण कमी उत्पन्नाच्या घरात मुलावरील खर्चाचे प्रमाण अधिक असते. विस्कॉन्सिनमध्ये मात्र केवळ देणाऱ्याच्या उत्पन्नाचे १७ टक्के (एक मूल) किंवा २५ टक्के (दोन मुले) धरतात. हिशेब सोपा असला, तरी मूल ज्याच्याजवळ राहते त्याची कमाई त्यात येत नाही. म्हणून पहिली पद्धती अधिक न्याय्य वाटते.

मुद्दाम नोकरी सोडणाऱ्याचे उत्पन्न अनेक न्यायालये कमाईच्या क्षमतेवरून गृहीत धरतात. तुरुंगवासाबाबत दीर्घकाळ मतभेद होते. अमेरिकेच्या २०१६ च्या संघीय नियमांनुसार तुरुंगवास ही स्वेच्छेची बेकारी मानता येत नाही. तेथे १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे साचलेली थकबाकी मागाहून माफ होत नाही; फेरबदल फार तर अर्जाची नोटीस दुसऱ्या पक्षाला मिळाल्यापासून लागू होतो. म्हणून उत्पन्न घटताच अर्ज करणे अत्यावश्यक आहे. उत्पन्न वाढल्यास दुसरा पालक मुलाच्या वतीने वाढ मागू शकतो.