घेवडा रात्र मोजतो

जुलैत राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की अख्खं कोल्हापूर पंचगंगेची पातळी विचारत असतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर मात्र तेव्हा दोडक्याची काळजी चालली होती. वेल मांडवभर पसरलेला, फुलांची कमी नाही, आणि बोटाएवढी फळं पिवळी पडून गळतायत. रविवारी भर दुपारी मी भिंग घेऊन कीड शोधत बसले होते. शेजारच्या काकींनी कठड्यावरून हटकलं, "दुपारी काय बघतीयास? सांजच्याला बघ जा."

सांजच्याला बघितलं आणि उलगडा झाला. दोडक्याचं फूल दिवस कलताना उमलतं आणि सकाळी मिटतं. त्याचा चुलतभाऊ घोसाळं मात्र पहाटे फुलतो. म्हणजे दोडक्याकडे येणारे पाहुणे मुख्यतः रात्रीचे पतंग. झड लागली की पतंग बाहेर पडत नाहीत, भिजलेले परागकणही फुटून वाया जातात. मादी फुलाच्या मागे जन्मापासूनच इवलासा दोडका असतो. पराग मिळाला नाही तर वेल त्याला पोसत नाही, टाकून देतो. मग काय, पावसाची उघडीप बघून नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मादी फुलाला हलकेच टेकवायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण दिवेलागणीला करायचं. सकाळी चहा घेत केलं तर वेळ टळलेली असते. दुधीचंही असंच. त्याची पांढरी फुलं अंधारातच उठून दिसतात.

तेव्हापासून मला एक खोड लागली. भाजीचं काही बिनसलं की मी आधी तिची रात्र कशी गेली ते बघते. ऊन किती मिळतं, हे सगळेच विचारतात.

घेवड्याचं उदाहरण घ्या. श्रावणघेवडा नव्हे, वालाच्या जातकुळीतला, भोगीच्या भाजीत पडतो तो. जुना गावरान वेल जूनमध्ये लावला तर पावसाळाभर नुसता पाला वाढवतो. नवखा माणूस वैतागून खत घालतो आणि पाला आणखी माजतो. वेल थांबलेला असतो रात्र मोठी व्हायची. कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवस सुमारे 13 तास 10 मिनिटांचा, सर्वांत लहान सुमारे 11 तास 10 मिनिटांचा. फरक जेमतेम दोन तासांचा, आपल्याला तो स्वेटर काढेपर्यंत जाणवतही नाही. घेवड्याला पुरतो. दसऱ्याच्या मागेपुढे तुरे दिसू लागतात आणि संक्रांतीला शेंगा हाताशी येतात.

अशा वनस्पतींना शास्त्रात लघुदिवसी म्हणतात. नाव थोडं फसवं आहे, कारण मोजमाप दिवसाचं नसून सलग अंधाराचं असतं. 1938 मध्ये कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी एका रानटी तणावर, त्याची काटेरी बोंडं कपड्याला चिकटतात ते, प्रयोग करून हे दाखवलं. लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ उजेड पाडला की फुलणं थांबलं. उलट दिवसात मध्येच अंधार केला तर काही बिघडलं नाही. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य उजेड-अंधाराची ही नोंद ठेवतं. आता शहरातली गंमत बघा. आमच्या वेलाची एक बाजू गल्लीतल्या दिव्याकडे आहे. आतल्या बाजूला तुरे लागले तरी तिकडे पालाच. रस्त्यावरच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकी शेत पिवळं पडल्यावरही हिरवं राहतं, ते याच कारणानं. दिवा काढा म्हणून कुणाला सांगणार? मांडव दोन हात मागे सरकवला.

थंडीबद्दल फार लिहायला नको. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, जे टाकाल ते येतं. मात्र धने अख्खे पेरू नका, चपलेनं हलके रगडून दोन डाळी करा. दिसायला एक असला तरी धन्यात दोन बिया असतात. थंडीतल्या भाजीला गोडी येते त्यातही रात्रीचा वाटा आहे. दिवसा कमावलेली साखर झाड रात्री श्वसनात खर्च करतं, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं तर हा खर्च साधारण दुप्पट होतो. गार रात्रीत बचत जास्त.

मार्चपासून हिशेब उलटतो. गावाबाहेर मळ्यात रात्री गारवा येतो, पण गच्चीचा स्लॅब दिवसभर प्यायलेली उष्णता रात्री सोडत बसतो. रात्री नऊ वाजता अनवाणी चाला, तळव्यांना कळतं. काळ्या ग्रो बॅगा त्यावर टेकलेल्या असल्या तर मुळं शेकतात. टोमॅटोला फळ धरायला 15 ते 20 अंशांची रात्र मानवते. त्याहून बरीच उबदार रात्र आणि वर पस्तिशीतला दिवस आला की पराग नापीक होतात, आणि तेही फूल उमलायच्या आठवडाभर आधी, कळीत असतानाच. म्हणून आज गळालेल्या फुलाचा दोष आजच्या पाण्याला देऊन उपयोग नसतो. आम्ही बॅगा विटांवर उचलल्या, खाली वारा खेळता ठेवला, हिरवी जाळी बांधली. त्यानं एप्रिलचा पहिला पंधरवडा निभावला. पुढे टोमॅटो मंडईतूनच आणले.

त्या रिकाम्या बॅगांत मी तांदळी टाकते. तांदळी उसाच्या पंथातली. दोघांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड आधी गोळा करून एकवटण्याची जास्तीची सोय असते, तिला सी-फोर म्हणतात. तिचा उलगडा 1960 च्या दशकात झाला तो उसाच्या पानांवरच. मेथीकडे ही सोय नाही. कडक उन्हात तिचं हवा पकडणारं विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी वारंवार ऑक्सिजन पकडतं आणि कमाई वाया घालवतं. तांदळी त्याच उन्हात तीन-चार आठवड्यांत खुडायला येते.

वळवाचे दोन-तीन सडाके येऊन जातात, तरी स्लॅब रात्री तापलेलाच. मृग चांगला बरसला की एखाद्या रात्री पाय टेकवल्यावर तो गार लागतो. दुसऱ्या दिवशी मी दोडक्याचं बी भिजत घालते.