चिप ‘थांब’ म्हणते, ते कुठून आलं

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या मागावर धोटा कधी सुटतो, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. ताण्याचे धागे पुरते उघडायच्या आत सुटला की धागे तुटतात, मिटताना सुटला की धोटा मधेच अडकतो. वीज गेली तरी डेटा जपणाऱ्या फ्लॅश मेमरीचंही असंच. डेटा आधी तारांवर स्थिर हवा, मग राइट-इनेबलची कड (‘आता लिही’ सांगणाऱ्या तारेवरचा सिग्नल बदलतो तो क्षण), आणि कडेनंतरही क्षणभर तो हलता कामा नये.

हा नियम फ्लॅशहून जुना. इंटेलची १९७१ची ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिपही तो पाळायची. फक्त ती पुसायला काचेच्या खिडकीतून अतिनील दिवा दाखवावा लागे. १९८४ मध्ये तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी विजेवरच झटक्यात पुसली जाणारी मेमरी मांडली. एका सहकाऱ्याला त्यात कॅमेऱ्याचा फ्लॅश दिसला, तेच नाव पडलं.

खरी गुंतागुंत १९८७च्या नँड या फ्लॅशच्या प्रकारापासून. चिपचे पाय वाचवायला आज्ञा, पत्ता, डेटा सगळं त्याच आठ तारांवर आलं. कुठली फेरी कशाची, ते सीएलई (आज्ञा) आणि एएलई (पत्ता) हे पाय सांगतात. शिवाय पेशीत एकच बिट ठेवणाऱ्या जुन्या एसएलसी चिपला पान (डेटाचा एक गठ्ठा) बाहेर काढायला साधारण २५ मायक्रोसेकंद, लिहायला दोनेकशे, अनेक पानांचा ब्लॉक पुसायला दोनेक मिलिसेकंद. म्हणून रेडी-बिझी पाय: काम चालू असताना तो खाली, म्हणजे ‘थांब’. गोम अशी, की शेवटच्या कडेनंतर हा पाय खाली यायला १०० नॅनोसेकंदांपर्यंत लागू शकतात. तेवढ्यात प्रोसेसरनं डोकावलं तर त्याला ‘रेडी’च दिसतं, आणि तो कचरा वाचतो. नवशिक्यांचे निम्मे घोळ इथलेच, असं माझं मत.

प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे, म्हणून २००६ मध्ये ओएनएफआय हे सामायिक मानक आलं. आपल्याला कुठला वेग झेपतो ते चिपच सांगू लागली: मोड ० ते ५, म्हणजे १०० नॅनोसेकंदांच्या फेरीपासून २० पर्यंत. सॅमसंग-तोशिबानं मात्र टॉगल मोड या स्वतःच्या मानकाची वेगळी चूल मांडली.

एकामागून एक बिट पाठवणाऱ्या, आठ पायांच्या एसपीआय फ्लॅशवर रेडी-बिझी पायच नाही. चिपची स्थिती सांगणाऱ्या स्टेटस रजिस्टरचा शेवटचा बिट विचारत बसायचं. मध्यंतरी मागावर नक्षी काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जेकार्डच्या एका बोर्डावर अशी ६४ मेगाबिटची चिप होती. ६० मेगाहर्ट्झवर, वीतभर तारांतून चिपचा आयडी मागितला. सोळाच्या पद्धतीत आला तो असा: एफ७ ए० ०बी. चिप मेली म्हणून काढायलाच निघालो होतो. मग कागदावर बिट मांडले. सगळे एक घर उजवीकडे सरकलेले! उत्तर बरोबर होतं, आम्ही एक ठोका आधी वाचत होतो. क्लॉक निम्म्यावर आणला. ईएफ ४० १७, तिचा खरा आयडी.