पॅरिश नोंदवह्या (इंग्लंड)

इंग्लंडमधील प्रत्येक चर्चच्या हद्दीत, म्हणजे पॅरिशमध्ये, झालेले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नोंदवह्या. सरकारी जन्ममृत्यू नोंदणी तेथे १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या सामान्य कुटुंबाची वंशावळ लावायची तर मुख्य भिस्त या वह्यांवर असते.

आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये त्या ठेवण्याचा हुकूम काढला. वही दोन कुलपांच्या पेटीत राही. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चचा कारभार पाहणाऱ्या वॉर्डनांकडे. हे सारे नवा कर बसवण्यासाठी चालले आहे, अशी कुजबुज तेव्हा झालीच. १५९८ मध्ये जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवण्याची आज्ञा झाली, मात्र ‘विशेषतः’ राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणापासूनच्या. पाद्र्यांनी ही पळवाट बरोबर हेरली आणि अनेक वह्या १५५८ पासूनच सुरू होतात. स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद (२६ एप्रिल १५६४) अशाच एका नकलेत आहे. त्याची जन्मतारीख तीत नाही. २३ एप्रिल हा नंतरचा अंदाज.

वहीत विधी नोंदवला जातो, जन्म किंवा मृत्यू नव्हे. नाव सापडले नाही म्हणून माणूस त्या गावचा नव्हता, असे ठरत नाही. अधिकृत चर्चबाहेरची क्वेकर किंवा कॅथलिक कुटुंबे बहुधा गळतात, आणि १६४२ ते १६६० या यादवीच्या व प्रजासत्ताकाच्या काळात कित्येक वह्यांत खंड पडला आहे. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले, हेही ध्यानात ठेवावे लागते. नोव्हेंबर १७०० मध्ये बाप्तिस्मा आणि फेब्रुवारी १७०० मध्ये दफन, असे वाचून चक्रावायला होते. प्रत्यक्षात ते मूल जेमतेम तीन महिने जगलेले असते. १७५४ पासून विवाहाच्या नोंदीखाली वधूवरांच्या सह्या किंवा फुल्या आणि साक्षीदार मिळतात, तर बाप्तिस्म्याच्या १८१३ पासूनच्या छापील तक्त्यांत बापाचा धंदाही.

खरा ऐवज मात्र पेटीतल्या इतर कागदांत असतो. गरिबाला पोसायचे कोणत्या पॅरिशने, यावरून १६६२ च्या कायद्यानंतर सतत तंटे होत. मग दंडाधिकाऱ्यांसमोर त्याची जबानी घेतली जाई: जन्म कुठला, चाकरी कोणाकडे केली, ती वर्षभर टिकली का, लग्न कधी झाले, मुले किती. बाप्तिस्म्याच्या वहीत एका ओळीत आटपणारा शेतमजूर येथे पानभर बोलतो. खात्यापित्या घरांबद्दल असे कागद क्वचितच निघतात.

१९७८ च्या नियमानुसार शंभर वर्षांहून जुन्या वह्या सहसा परगण्याच्या अभिलेखागारात जमा होतात. गावातून नाहीसा झालेला एखादा मुलगा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतही निघू शकतो. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रती लंडनला धाडल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत पाहता येतात.